चाळिशीनंतर बॉक्सिंग : शोभते का?



चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, रेल्वेच्या पुलाचा जिना चढताना धाप लागणारा एक संसारी माणूस बॉक्सिंग शिकायचे ठरवतो, असे समजू या. तो घरी तसे सांगतो. मुले हसतात. "डॅडी, तुम्हांला दोरीवरच्या दहा उड्या तरी मारता येतील का?" बायको काळजीत पडते. "डोक्याला काही लागले तर? घराचे हप्ते अजून आठ वर्षे फेडायचे आहेत." आणि कोपऱ्यात रोझरीची माळ हातात घेऊन बसलेली म्हातारी आई हळूच विचारते, "दुसऱ्याच्या तोंडावर मारायला कोणी पैसे देऊन शिकते का रे, बाबा?"

मुलांचा प्रश्न वयाचा आहे, बायकोचा शरीराचा आणि आईचा पाप-पुण्याचा. हल्ली शहरांत आणि उपनगरांत व्यायामशाळांबरोबर बॉक्सिंगचे वर्गही निघाले आहेत. तेथे स्पर्धेत उतरणारी तरुण मुले जातात, तशी कधी आयुष्यात मैदानावर न गेलेली चाळिशी-पन्नाशीची माणसेही जातात. त्यामुळे हे तिन्ही प्रश्न आपल्या दारापर्यंत आलेले आहेत. आज त्यांचा थोडा शांतपणे विचार करू या.

शरीर कोणाच्या हवाली?

बायकोच्या प्रश्नापासून सुरुवात करू या, कारण तो सर्वांत व्यवहारी आहे. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २२८८ मध्ये असे शिकवले आहे, की जीवन आणि आरोग्य या देवाने आपल्या हवाली केलेल्या मौल्यवान देणग्या आहेत व त्यांची वाजवी काळजी घेणे हे आपले कर्तव्य आहे. लगेच पुढच्या परिच्छेदात दुसरी बाजूही सांगितली आहे. शरीराचे देव्हारे माजवू नयेत, पिळदार देह आणि खेळातले यश यांच्या पायी सगळे ओवाळून टाकू नये, असा इशारा तेथे दिलेला आहे. म्हणजे चूक दोन्हींकडे होऊ शकते, शरीराची हेळसांड करण्यात आणि शरीराची पूजा मांडण्यातही.

आपल्या घरांत यांपैकी कोणती चूक जास्त आढळते, हे आपण स्वतःलाच विचारावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली मांडलेल्या अभ्यासात भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, असे दिसून आले. 'पुरेशी' म्हणजे काही डोंगराएवढी नव्हे. आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालण्याइतकी. तेवढीही आपल्याकडून होत नाही. रिंगमध्ये डोके धोक्यात घालणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. मात्र वीस वर्षे खुर्चीत बसून, रविवारी आडवे पडून, साखर आणि रक्तदाब वाढू देणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. पापनिवेदनातही या हेळसांडीचा उल्लेख क्वचितच होतो. तेव्हा पोट सुटलेला माणूस उठून काहीतरी करू पाहतो, ही गोष्ट मुळात हसण्यासारखी नाही, हे पहिल्याने मान्य केले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मग चालावे, पोहावे, बॉक्सिंगच कशाला? हे म्हणणे रास्त आहे. निव्वळ आरोग्यासाठी बॉक्सिंगची गरज कोणालाही नाही. परंतु माणूस प्रत्येक गोष्ट औषध म्हणून करत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या आपल्या महाग्रंथात खेळ आणि विरंगुळा यांना सद्गुणी जीवनात स्थान दिले आहे. शरीर थकते तसे मनही थकते आणि मनाचा विसावा आनंदात असतो, असा त्यांचा विचार आहे. एखाद्याला बॉक्सिंगमध्ये आनंद वाटतो, एवढे कारण पुरेसे होऊ शकते. अट एकच, की तो आनंद नीतीच्या विरुद्ध जाणारा नसावा. तो तसा आहे का, हे आपण पुढे पाहणार आहोत.

पुन्हा पहिलीत बसणे

त्याआधी मुलांचे हसणे. ते खरे तर वयाच्या मोठेपणाला बसलेला पहिला ठोसा आहे आणि शिकणाऱ्याने तो हसत घेतलेला बरा.

चाळिशीच्या माणसाला सवय असते ती येत असलेली कामे करण्याची. कार्यालयात हाताखाली चार माणसे असतात, सोसायटीत सल्ला विचारला जातो, घरात शब्दाला वजन असते. नवीन काही शिकताना चारचौघांत चुकण्याची वेळ त्याच्यावर कित्येक वर्षांत आलेली नसते. बॉक्सिंगच्या वर्गात ती पहिल्याच संध्याकाळी येते. हाताला कापडी पट्टी गुंडाळायलाही दुसऱ्याची मदत लागते. ही पट्टी मनगट आणि बोटांची हाडे सांभाळते. न शिकलेल्या माणसाने चुकीचा ठोसा मारला, तर करंगळीमागचे हाड मोडणे ही डॉक्टरांच्या नेहमीच्या पाहण्यातली इजा आहे. मग उभे कसे राहायचे ते शिकवतात. डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालांपाशी. उभे राहणे आपल्याला वयाच्या पहिल्या वर्षापासून येते, ही समजूत तेथेच गळून पडते.

बॉक्सिंगची एक फेरी तीन मिनिटांची आणि मधली विश्रांती एका मिनिटाची. क्वीन्सबरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८६७ सालच्या नियमांपासून हे मोजमाप रूढ झाले. तीन मिनिटे म्हणजे चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. परंतु नवशिक्याने पंचिंग बॅगवर सलग ठोसे मारायचे म्हटले, तर पहिल्या मिनिटातच खांदे भरून येतात आणि मुठी आपोआप छातीपर्यंत खाली येतात. तो श्वास रोखून मारत असतो म्हणून आणखी लवकर दमतो. प्रत्येक ठोशाबरोबर श्वास सोडायचा असतो, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. सांगणारा बहुधा एकोणीस-वीस वर्षांचा एखादा मुलगा असतो. "अंकल, हात वर," असे तो पुन्हा पुन्हा म्हणतो आणि अंकलना ते ऐकावे लागते.

या अनुभवाला नैतिक मोल आहे, असे आम्हांस वाटते. दक्षिण आफ्रिकेचे नेते नेल्सन मंडेला १९५० च्या दशकात, तिशी ओलांडल्यावर, जोहान्सबर्गजवळच्या ऑर्लंडो वस्तीत दिवसभराची वकिली व चळवळ आटोपून संध्याकाळी बॉक्सिंगचा सराव करत असत. आपण काही मोठे बॉक्सर नव्हतो, हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांना मारामारीचे आकर्षण नव्हते. शरीर कसे हलवावे, केव्हा पुढे जावे, केव्हा मागे सरावे, यातले शास्त्र त्यांना आवडे. आणि रिंगमध्ये हुद्दा, वय, रंग व पैसा यांना किंमत नसते, ही गोष्ट त्यांना मोलाची वाटे. पुढे २७ वर्षांच्या तुरुंगवासातही पहाटे व्यायाम करण्याची शिस्त त्यांनी सोडली नाही.

लहान मुलांसारखे व्हा, असे प्रभू येशूने शिष्यांना सांगितले. त्याचा अर्थ आपण बहुधा निरागसता असा घेतो. मुलाची आणखी एक खूण असते. त्याला आपल्याला काही येत नाही याची लाज वाटत नाही. पडते, उठते, पुन्हा करते. मोठ्या माणसाला ही सवय परत लागली, तर ती घरीही उपयोगी पडते. ज्याला स्वतः शिकताना दहा वेळा चुकावे लागते आहे, तो मुलाच्या गणिताच्या वहीवर ओरडण्याआधी थोडा थांबेल, अशी आशा करायला हरकत नाही.

आईचा प्रश्न

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. तो टाळता येणार नाही. एक गाल पुढे करायला शिकवणाऱ्या गुरूच्या अनुयायाने दुसऱ्याच्या गालावर नेमका ठोसा कसा मारावा हे का शिकावे?

ख्रिस्तसभेतच या बाबतीत दोन प्रकारची माणसे होऊन गेली आहेत. अमेरिकेतील शिकागो येथे साहाय्यक बिशप बर्नार्ड शील यांनी १९३० साली कॅथोलिक युवा संघटना स्थापन केली. त्या काळी त्या शहरात टोळीयुद्धांचा सुळसुळाट होता आणि बेकार तरुण सहज त्यांत ओढले जात. शील यांनी मुलांना आणण्यासाठी जो खेळ पुढे केला, तो बॉक्सिंग. रस्त्यावर वाटेल तसे मारण्यापेक्षा नियमांनी, समान वजनाच्या माणसाशी, रेफरीच्या नजरेखाली लढावे, असा त्यामागे विचार होता. अनेक मुले त्यातून मार्गी लागली. याच्या उलट, रोमहून निघणाऱ्या येशूसंघीयांच्या 'ला चिविल्ता कात्तोलिका' या नियतकालिकाने २००५ साली व्यावसायिक बॉक्सिंग नैतिकदृष्ट्या मान्य होण्यासारखे नाही, असे अतिशय कठोर शब्दांत मांडले. तो लेख म्हणजे ख्रिस्तसभेचा अधिकृत आदेश नव्हे. परंतु त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

कारण असे. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये एमिल ग्रिफिथ याच्याशी लढताना बेनी पॅरेट हा क्युबाचा बॉक्सर दोरांना टेकलेल्या अवस्थेत ठोसे खात राहिला, बेशुद्ध पडला आणि दहा दिवसांनी वारला. १९८२ साली कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला व काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर मोठ्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आणल्या गेल्या. मृत्यू ही टोकाची गोष्ट झाली. १९२८ सालीच हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले होते, की वर्षानुवर्षे डोक्यावर मार खाल्लेल्या बॉक्सरांचे चालणे, बोलणे आणि स्मरणशक्ती बिघडत जाते. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. जबड्यावर जोरात ठोसा बसला, की डोके झटक्याने फिरते आणि आतला मेंदू हिसका खातो. ग्लोव्हजमुळे मारणाऱ्याची मूठ वाचते, मार खाणाऱ्याचा चेहराही कमी फाटतो. मेंदूला बसणारा हिसका मात्र थांबत नाही. डोक्यावर घालायच्या संरक्षक टोपीचीही हीच मर्यादा आहे.

येथे कोणी म्हणेल, इजा कोणत्या खेळात होत नाही? फुटबॉलमध्ये पाय मोडतात, क्रिकेटचा चेंडू लागून माणूस दगावतो. येथे तत्त्वज्ञानातला एक जुना भेद उपयोगी पडतो. एखाद्या कृतीतून आपण जे साधू पाहतो ते वेगळे आणि आपली इच्छा नसताना जे घडते ते वेगळे, असे संत थॉमस यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना सांगितले. फुटबॉलमध्ये पाय मोडला तर तो अपघात. गोल करायला पाय मोडावा लागत नाही. आपल्या मातीतली कुस्ती घ्या. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणले, ती कुस्ती. समोरच्याची पाठ जमिनीला टेकली की कुस्ती निकाली झाली. तो धडधाकट उठून हात मिळवतो. बॉक्सिंगमध्ये गुणांवरही जिंकता येते हे खरे. परंतु तेथे नॉकआऊट हा विजयाचा सर्वांत निर्विवाद मार्ग मानला जातो आणि नॉकआऊट म्हणजे समोरच्याचा मेंदू काही क्षण बंद पाडणे. ती इजा अपघाताने होत नसते. ती साधायचीच असते, आणि साधली की लोक टाळ्या वाजवतात. आईचा प्रश्न नेमका येथे लागू पडतो, आणि येथे आईचे बरोबर आहे.

'दोघांची संमती आहे' एवढे पुरे का?

यावर आजच्या काळाचे उत्तर ठरलेले असते: दोघे सज्ञान आहेत, दोघांनी स्वखुशीने मान्य केले आहे, मग तिसऱ्याने का बोलावे? संमती हवीच, तिच्याशिवाय तर तो निव्वळ हल्ला होईल. परंतु संमतीने सगळे प्रश्न सुटत नाहीत. एक तर आपले शरीर आपल्या एकट्याचे नसते. त्यावर बायकोचा, मुलांचा, म्हाताऱ्या आईचा हक्क असतो. घराचे हप्ते फेडणारे डोकेही तेच असते. दुसरे म्हणजे, पहिला ठोसा खाण्याआधी दिलेली संमती ही पुरती न कळता दिलेली असते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. चाळिशी ओलांडलेला, वजन वाढत चाललेला हा गृहस्थ राष्ट्राध्यक्षपदी असतानाही तरुण अधिकाऱ्यांशी बॉक्सिंग खेळत असे. एका तरुण तोफखाना अधिकाऱ्याचा ठोसा त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला आणि त्या डोळ्याची दृष्टी अधू झाली. पुढे ती गेलीच. रूझवेल्ट यांनी १९१३ च्या आत्मचरित्रात ही हकिकत सांगितली, पण त्या अधिकाऱ्याचे नाव लिहिले नाही. त्यांचा मोठेपणा आपल्याला आवडतो. परंतु त्या तरुणाच्या बाजूनेही विचार करावा. नियमांत राहून, वैर नसताना, समोरच्याच्या आग्रहावरून मारलेला एक ठोसा, आणि एका माणसाचा डोळा गेला. मारताना त्याला तो जाणार हे कळणे शक्य नव्हते. ठोसा परत घेता येत नाही. म्हणून सरावात समोर उभा असलेला माणूस 'मी तयार आहे' असे म्हणाला, तरी त्याचे डोके आपल्या हवाली केलेले असते, असेच समजले पाहिजे.

रेघ कोठे ओढावी?

मग उत्तर 'जाऊ नये' असे आहे का? आम्हांस तसे वाटत नाही. बॉक्सिंग शिकणे आणि माणसाच्या डोक्यावर मारणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, याचा पुरावा उपलब्ध आहे आणि तो अनपेक्षित ठिकाणाहून आलेला आहे.

मुहम्मद अली हे नाव कोणाला ठाऊक नाही? १९८१ साली त्यांनी खेळ सोडला आणि १९८४ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांना पार्किन्सन झाल्याचे निदान झाले. डोक्यावर खाल्लेल्या ठोशांचा त्यात किती वाटा होता, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. परंतु २०१६ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचे थरथरणारे हात साऱ्या जगाने पाहिले. आता दुसरी बाजू. अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरातील माजी सरकारी वकील स्कॉट न्यूमन यांना चाळिशीतच पार्किन्सनने गाठले. त्यांनी बॉक्सिंगचा सराव सुरू केला आणि त्याचा स्वतःला फायदा होतो आहे असे दिसल्यावर २००६ साली इतर रुग्णांसाठी 'रॉक स्टेडी बॉक्सिंग' ही संस्था काढली. तेथे साठी-सत्तरीचे, कधी ग्लोव्हज न घातलेले रुग्ण बॅगवर ठोसे मारतात, पाय टाकायला शिकतात, तोल सांभाळायला शिकतात. कोणी कोणाला मारत नाही. या सरावाने रोग बरा होत नाही, पण अनेकांना चालणे आणि तोल राखणे सोपे जाते. एकच विद्या. एकीकडे तिने मेंदू दुखावल्याचा संशय, दुसरीकडे तीच दुखावलेल्या मेंदूच्या माणसांना उभे राहायला मदत करते. मध्ये फरक आहे तो डोक्यावर बसणाऱ्या ठोशाचा.

म्हणून रेघ येथे ओढावी: दोरी, बॅग, प्रशिक्षकाने हातात धरलेल्या गाद्यांवरचा सराव, आरशासमोरचा सराव, हे सारे चांगले. जोडीदाराशी सराव करायचा तर सावकाश, अंगावर, हलक्या हाताने आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. समोरच्याला पाडण्यासाठी त्याच्या डोक्यावर मारणे मात्र हौशी माणसाने हाती घेऊ नये. त्याला ना पोटासाठी त्याची गरज आहे, ना देशासाठी. गरिबीतून वर येण्यासाठी रिंगमध्ये उतरणाऱ्या तरुणाला हा पर्याय अनेकदा नसतो. आपल्याला आहे, आणि ज्याला पर्याय आहे त्याची जबाबदारी मोठी असते.

चांगल्या वर्गांत ही शिस्त आधीपासून असते. लोइक वाकाँ हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९८८ साली शिकागोतील एका गरीब वस्तीतल्या बॉक्सिंग क्लबात अगदी नवशिके म्हणून दाखल झाले आणि सुमारे तीन वर्षे तेथे शिकले. बाहेरच्याला जी मारामारी दिसते, तिच्या आत किती सहकार्य असते, हे त्यांनी आपल्या पुस्तकात दाखवले आहे. सराव करताना जाणता बॉक्सर नवख्यासमोर आपला जोर आवरतो; समोरच्याला जेवढे झेपेल तेवढेच मारतो. आवरता येत नाही, त्याच्याबरोबर कोणी सरावाला उभे राहत नाही.

राग आणि घर

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. राग बाहेर काढायला म्हणून कोणी बॅगवर ठोसे मारायला जात असेल, तर त्याने दोनदा विचार करावा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्याने चिडवले त्याला डोळ्यांसमोर आणून बॅगवर ठोसे मारायला सांगितले. त्यांचा राग कमी झाला नाही. जे नुसते दोन मिनिटे शांत बसले होते, त्यांच्यापेक्षा हेच अधिक चिडलेले निघाले. म्हणजे बॅगला साहेबाचा चेहरा लावला, की आपण रागाचाच सराव करतो. सद्गुण सरावाने अंगी बाणतो, हे ॲरिस्टॉटलने सांगितले. दुर्गुणही तसाच बाणतो.

आणि आता जे लिहिणे आम्हांस जड जाते ते. मुठी आवळायला सगळ्यांनाच वर्गात जावे लागत नाही. आपल्या काही घरांत हात उठतो, तो बायकोवर किंवा मुलांवर, बहुधा दारूच्या नशेत आणि बहुधा दार लावून. रिंगमध्ये दोघांचे वजन तोलून जोडी लावतात. घरात कोण तोलतो? रिंगमध्ये तीन मिनिटांनी घंटा होते, खाली पडलेल्याला मारता येत नाही, मध्ये रेफरी उभा असतो. घरात यातले काहीच नसते. ज्याचा हात घरात उठतो, त्याने बॉक्सिंग शिकावे की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याने आधी ती मूठ उघडावी, क्षमा मागावी आणि मदत घ्यावी. आणि जिच्यावर हात उठतो, तिने गप्प राहणे हा क्रूस आहे असे मानू नये. दुसरा गाल पुढे करण्याच्या शिकवणीचा असा अर्थ लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणूनच आपल्या बहिणी-मुली हल्ली बॉक्सिंग शिकतात, याकडे नाके मुरडून पाहू नये. २०१२ साली लंडन येथे महिलांच्या बॉक्सिंगला ऑलिम्पिकमध्ये प्रथमच स्थान मिळाले आणि मणिपूरच्या मेरी कोमने तेथे कांस्यपदक मिळवले, तेव्हा ती जुळ्या मुलांची आई होती. घाबरून मान खाली घालणाऱ्या मुलीला मान वर करून, पाय रोवून उभे राहता आले, तर एवढ्यानेच पुष्कळ साधते.

मुकुट नसलेली लढाई

ॲरिस्टॉटलने धैर्याचा विचार करताना बॉक्सरांचे उदाहरण घेतले आहे. त्यांना मिळणारा मुकुट आणि मान गोड असतो, पण ठोसे दुखतात, आणि दुखणे एवढे असते की गोडी दिसेनाशी होते. आपल्या चाळिशीच्या गृहस्थाला तर मुकुटही मिळणार नाही. मग उरते काय? संत थॉमस म्हणतात, की धैर्याचे मुख्य लक्षण हल्ला करणे हे नसून टिकून राहणे हे आहे. संकट समोर असताना न पळणे, न चिडणे, जागा न सोडणे. बॉक्सिंगच्या वर्गातही मारण्याआधी बचाव शिकवतात. दमलेले हात पुन्हा गालांपाशी आणणे, धाप लागली असताना घंटा होईपर्यंत उभे राहणे, पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणे. आजारी वडिलांच्या उशाशी रात्र काढताना किंवा नोकरी गेलेली असताना घर चालवताना लागणारे धैर्य याच जातीचे आहे. वर्गात शिकलेले तेथे आपोआप उतरेलच, अशी हमी नाही. परंतु जागा न सोडण्याची सवय कोठेतरी लावावीच लागते.

संत पौलाला हे ठाऊक होते. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत. त्यांत बॉक्सिंगही असे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो स्वतःची तुलना बॉक्सरशी करतो. आपण हवेत ठोसे मारणारे नाही, असे तो म्हणतो. आणि मग आपला प्रतिस्पर्धी कोण ते सांगतो, तेव्हा तो समोरचा कोणी नसून स्वतः पौलच असतो. त्याला ताब्यात आणायचे असते ते स्वतःचे शरीर.

तेव्हा जाऊ इच्छिणाऱ्याने जरूर जावे. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, हृदय आणि डोळे तपासून घ्यावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा चष्म्याचा नंबर फार मोठा असेल, तर तसे आवर्जून सांगावे. घाईने रिंगमध्ये ढकलणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा महिनोन्‌महिने पाय टाकायला लावणारा प्रशिक्षक निवडावा. बायकोला कोठे रेघ ओढली आहे ते सांगावे आणि तिला दिलेला शब्द पाळावा. मुलांना एकदा बरोबर न्यावे; हसतील, हसू द्यावे.

आणि आईला काय सांगावे? तिला सांगावे, की आई, तुझा प्रश्न बरोबर आहे, म्हणून मी माणसाच्या तोंडावर मारायला शिकणार नाही. मी दमल्यावरही हात कसा सांभाळावा हे शिकायला चाललो आहे. ती पुन्हा माळ हातात घेईल. शनिवारी संध्याकाळी घामाघूम होऊन परत आल्यावर तिच्याजवळ दोन मिनिटे बसावे, आणि रविवारी अंग कितीही दुखत असले तरी तिला हात धरून मिस्साला घेऊन यावे.